एकशे ब्याऐंशी नोंदी

या यंत्राला शिव्या घालायच्या आधी त्याचे गुण सांगायला हवेत. एकतीस वर्षं मी बेअरिंगच्या कारखान्यात स्टोअरकीपर होतो. आलेल्या मालात खोट काढण्याआधी त्यात बरं काय आहे ते लिहायचं, ही माझी सवय. तर हे यंत्र तळहातावर मावतं. वजनाला साबणाच्या वडीएवढं. पडद्यावर काडी टेकवली की नोंद उघडते, आणि शोधायला सांगितलं तर हजारो वस्तूंमधून हवी ती डोळ्याचं पातं लवायच्या आत समोर आणून ठेवतं. ते रजेवर जात नाही, चहाला जाऊन तासभर गायब होत नाही आणि उलटून बोलत नाही. शेवटचा गुण मला तेव्हा फार मोठा वाटायचा.

आम्ही त्याला डायरी म्हणायचो. कारखान्यात नवी यंत्रं आली तेव्हा जुन्या डायऱ्या भंगारात निघाल्या होत्या. त्यातली एक मी साहेबांना विचारून घरी आणली. तिच्यात एक सोय होती. प्रत्येक नोंदीला एक छोटं चित्र आणि चार सेकंदांचा आवाज जोडता यायचा. स्टोअरमध्ये आम्ही त्यात ‘वरचा खण गळतोय, माल खाली घ्या’ असलं काहीतरी बोलून ठेवायचो. पुढच्या पाळीचा माणूस नोंद उघडायचा आणि माझं बोलणं ऐकून मनातल्या मनात मला दोन शिव्या हासडायचा.

गेल्या वर्षी बायकोला झटका आला. उजवं अंग गेलं आणि वाचा गेली. तिला कळतं सगळं. कोण आलं, कोण खोटं बोलतंय, चहात साखर कमी पडलीय, सगळं कळतं. पण तोंडातून ‘ब, ब’ याच्या पलीकडे काही निघत नाही, आणि अक्षरं तिला ओळखू येत नाहीत. एरवी दिवसाकाठी दोन मासिकं वाचून बाजूला टाकणारी बाई. दवाखान्यातून घरी आणल्यावर पहिल्या आठवड्यात तिला काय हवंय हे ओळखता ओळखता माझ्या नाकी नऊ आले. पाणी म्हणून पुढे केलं की मान हलवायची, उशी सरकवली की डोळे मिटायची, आणि शेवटी दोघंही रडकुंडीला यायचो.

तेव्हा मला डायरी आठवली. बेअरिंगची सगळी यादी पुसून टाकली आणि एका दुपारी जेवणाच्या टेबलाशी बसून घराची यादी केली. प्रत्येक नोंदीला काडीने चित्र काढलं आणि खाली माझ्या आवाजात शब्द बोलून ठेवला. पाणी. औषध. उशी. दुखतंय. पंखा. खिडकी उघडा. खिडकी लावा. हो. नाही. बसवा. झोपवा. माझा आवाज मुळात कोरडा. त्यात एका बैठकीत दीडशेच्या वर शब्द म्हटल्यावर तो आणखीच खडबडीत झाला. शेजारच्या वहिनी वाटी परत द्यायला आल्या होत्या. त्या म्हणाल्या, “भाऊजी, बाईमाणसाचे शब्द बाईच्या आवाजात नकोत का? मी म्हणून देते हवं तर.” मी म्हणालो, “शब्द कळल्याशी मतलब.” त्यांनी पुन्हा विषय काढला नाही.

एकूण एकशे त्र्याऐंशी नोंदी झाल्या.

डाव्या हातात काडी धरायला ती तीन दिवसांत शिकली. पहिला शब्द तिने दाबला तो ‘चहा’. माझ्याच आवाजात माझ्याकडे चहाची फर्माईश आली तेव्हा मला हसू फुटलं, आणि झटक्यानंतर पहिल्यांदाच तीही अर्ध्या तोंडाने हसली. त्या आठवड्यात मी भेटेल त्याला डायरीचं कौतुक सांगत सुटलो. डॉक्टरांना सांगितलं, औषधवाल्याला सांगितलं, लिफ्टमध्ये अनोळखी माणसालाही सांगितलं. मुलाला फोन करून म्हणालो, “आई बोलायला लागली.” तो परदेशी असतो, त्याला रडूच आलं.

चौथ्या दिवशी ती माणसांच्या पानावर पोचली. तिथे मी आठ नोंदी केल्या होत्या. मी, मुलगा, सून, डॉक्टर, नर्स, शेजारच्या वहिनी, माझी बहीण. आणि धाकटी, आमची मुलगी. हिचं चित्र म्हणजे एक गोल तोंड आणि दोन वेण्या. खरं सांगतो, ही नोंद करायचं माझ्या मनात नव्हतं. घरातली माणसं लिहायला बसलो आणि हात आपला चालत गेला. ती शाळेत असतानाचं चित्र काढून झालं, शब्दही बोलून झाला, आणि मग लक्षात आलं. तेव्हाच पुसायला हवी होती. दुपार कलत आली होती, मी दमलो होतो, म्हटलं राहू दे.

बायकोने ते चित्र पाहिलं आणि दाबलं. “धाकटी,” डायरी म्हणाली. मी वर्तमानपत्र वाचत होतो. तिने पुन्हा दाबलं. “धाकटी.” मी पान उलटलं. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत ती तेवढा एकच शब्द दाबत राहिली. सात वर्षांत, ही नोंद भरताना सोडलं तर, मी जो शब्द तोंडातून काढला नव्हता, तो माझ्या आवाजात या खोलीत दोनशे वेळा तरी ऐकू आला असेल. मी स्वयंपाकघरात गेलो तरी येत होता, बाथरूममध्ये नळ सोडला तरी येत होता.

सात वर्षांपूर्वीची दुपार होती. धाकटी एक बॅग घेऊन दारात उभी राहिली. नवऱ्याचं घर सोडून आली होती. स्थळ मी आणलं होतं, माझ्याच कारखान्यातल्या ओळखीतून. तो हात उचलतो हे तिने आधी दोनदा सांगितलं होतं, आणि दोन्ही वेळा मी समजूत काढून परत पाठवली होती. या वेळी मी दाराच्या कडीवरचा हात काढला नाही. परत जा म्हणालो. ती म्हणाली, “आईला बोलवा.” मी म्हणालो, “आईचंही हेच म्हणणं आहे.” बायको आत कपडे पिळत होती. मी तिला काही विचारलंच नव्हतं. ती ओल्या हातांनी बाहेर आली तेव्हा लिफ्ट खाली गेली होती. मला चारचौघांत तोंड दाखवायचं होतं, दुसरं काही कारण नव्हतं. धाकटी नवऱ्याकडे परत गेली नाही आणि आमच्याकडेही नाही. दुसऱ्या शहरात नोकरी धरली, एकटी राहते, एवढं मुलाकडून कळायचं.

बायकोने त्यावरून भांडण केलं नाही. रात्री जेवताना फक्त म्हणाली, “माझं नाव कशाला घेतलंत?” त्यानंतर तिने धाकटीला दोनदा पत्र लिहिलं, दोन्ही न फोडता परत आली. पाकिटावरचा पत्ता माझ्या अक्षरात होता. तिचं अक्षर पोस्टमनला लागत नाही म्हणून घरातले सगळे पत्ते मीच घालायचो.

तर आता डायरीचा दोष. तिची बॅटरी पूर्ण उतरली की आतलं सगळं पुसलं जातं. नुसती बंद पडत नाही, कोरी होते. कारखान्यात यावर सगळ्यांना तंबी दिलेली असायची, आणि ती तंबी देणारा मीच होतो. त्या आठवड्यात मी डायरी चार्जिंगला लावली नाही. शनिवारी तिने लाल दिवा दाखवला. मी पाहिला. रविवारी सकाळी ती कोरी झाली. मुलाला मी सांगितलं की चार्जर लावायचा राहून गेला. बायकोला काहीच सांगितलं नाही. ती पलंगावरून माझ्याकडे बघत होती, आणि मी तिच्याकडे पाठ करून वायर तपासल्याचं सोंग करत होतो.

दुसरी यादी केली ती एकशे ब्याऐंशी नोंदींची. स्टोअरचा एक नियम असतो. तीन वर्षं जो माल जागचा हलला नाही त्याला मृत साठा म्हणायचं आणि यादीतून काढायचं. मी स्वतःला तो नियम सांगितला. सात वर्षांत न हललेली नोंद कशाला ठेवायची? पण मग भिंतीवरचा बंद पडलेला रेडिओ यादीत होता. पाहुण्यांची गादी होती. इस्त्रीही होती, आणि इस्त्री आता या घरात करणार कोण? नियम मी एकाच नोंदीला लावला.

नव्याने भरलेली डायरी हातात दिल्यावर ती सरळ माणसांच्या पानावर गेली. सात चित्रं होती. ती एकेकावर काडी ठेवत खालपर्यंत गेली, पुन्हा वर आली. मग पुढचं पान, त्याच्या पुढचं पान. सगळी पानं पाहून झाल्यावर तिने डायरी मांडीवर ठेवली आणि माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, “चहा टाकू?”

दुसऱ्या दिवसापासून तिने नवीन उद्योग सुरू केला. आधी ‘लहान चमचा’ दाबायची. मग ‘कंगवा’. मग ‘दार’. पुन्हा लहान चमचा, कंगवा, दार. लहान, वेण्यांची, दारातून गेलेली. कळायला मला एक मिनिटही लागलं नाही. पण मी उठलो, लहान चमचा आणून तिच्या हातात दिला, कंगव्याने तिचे केस विंचरले आणि वारा यावा म्हणून दार उघडून ठेवलं. रोज. दिवसातून चार-पाच वेळा. एकदा तिने चमचा फेकला, तो कपाटाखाली गेला. मी गुडघ्यावर बसून काढला, धुतला आणि परत आणून दिला. इतका नालायकपणा मी आयुष्यात दुसऱ्या कुणाशी केला नसेल, आणि करताना माझा आवाज एकदाही चढला नाही.

दोन महिन्यांनी स्पीच थेरपिस्ट बाई घरी आल्या. तरुण होत्या, चटपटीत. त्यांनी डायरी पाहिली आणि भलत्याच खूश झाल्या. “काका, कमाल केलीत. एवढी मेहनत कोणी घेत नाही.” मी फुगलो. मग त्या म्हणाल्या, “आवाज तुमचा आहे ना? काकूंचा नसला तरी निदान बाईचा हवा होता. ऐकणाऱ्याला गोंधळायला होईल.” मी म्हणालो, “ऐकणारा मीच आहे.” त्या हसल्या. पानं चाळता चाळता माणसांच्या पानावर आल्या आणि सहज विचारलं, “मुलं किती तुम्हाला? एकच मुलगा का?”

बायको समोर उशीला टेकून बसली होती.

“हो,” मी म्हणालो, “एकच.”

तिच्या घशातून आवाज निघाला. ‘ब’ नव्हता, दुसराच काहीतरी होता. थेरपिस्ट बाई पटकन वळल्या. “काय हवंय काकू? दाखवा बरं यात.” त्यांनी डायरी पुढे केली. बायकोने काडी घेतली. पडद्यावर धरली. काडी इकडून तिकडे फिरली, कशावरच टेकली नाही. काय दाबणार होती? मी तिथे काही ठेवलंच नव्हतं. तिने काडी पलंगावर टाकली आणि डायरी हातानेच बाजूला सारली. बाई म्हणाल्या, “दमल्या वाटतं.” मी म्हणालो, “हो, या वेळेला दमते ती.”

त्या दिवसानंतर तिने डायरीला हात लावला नाही. मी उशाशी ठेवायचो, ती तशीच पडून असायची. तहान लागली तरी पाणी दाबायची नाही, ओठ सुकेपर्यंत पडून राहायची. चादर ओली झाली तरी सांगायची नाही. मी तासातासाला हात घालून बघायचो. मी विचारलं तर मानही हलवायची नाही, हो ला नाही आणि नाही ला नाही. चोवीस दिवस असे काढले. एकदा चादर बदलताना मी तिच्यावर ओरडलो, “अगं, एक शब्द दाबायला काय होतं तुला?” ती छताकडे बघत राहिली, आणि मी ओली चादर हातात घेऊन तिथेच खाली बसलो आणि रडलो. मला वाटलं होतं मी तिला वाचा दिली. मी तिला माझ्या सोयीचे एकशे ब्याऐंशी शब्द दिले होते, आणि तिने ते मला परत केले होते.

त्याच दुपारी मी एकशे त्र्याऐंशीवी नोंद केली. गोल तोंड, दोन वेण्या. “धाकटी,” म्हणालो. आवाज फाटला, पण पुन्हा भरला नाही, तसाच ठेवला. डायरी तिच्यासमोर धरली. तिने पाहिलं, आणि डोळे मिटून घेतले. तेव्हा कळलं की नुसत्या नोंदीने आता भागायचं नाही. मुलाला फोन करून धाकटीचा नंबर घेतला. तो म्हणाला, “बाबा, सांभाळून. तिला आईचं आजारपण माहीत आहे. पण ती म्हणते, आईनेच मला नको म्हटलं होतं, मी कोणत्या तोंडाने जाऊ?”

रविवारी सकाळी अकराला मी नंबर लावला. फोनचा स्पीकर चालू करून तो पांघरुणावर ठेवला. बायकोला कळलं असावं. कारण घंटी वाजायला लागल्यावर तिने चोवीस दिवसांनी पहिल्यांदा हात लांब केला. मी डायरी दिली, काडी दिली.

“हॅलो?”

सात वर्षांत आवाज बदलला नव्हता. मी म्हणालो, “मी बाबा.” आणि लगेच, “आईला तुझ्याशी बोलायचंय.”

“आईला बोलता येत नाही म्हणाला दादा.”

“येतं. म्हणजे मी तशी व्यवस्था केलीय. तू बोल, ती ऐकतेय.”

मग ती म्हणाली, “आई?”

बायकोचा चेहरा मी कसा सांगू. तोंड उघडलं, पण ‘ब’सुद्धा निघाला नाही. फार ताण आला की तिचा होता तेवढा आवाजही जातो. तिने घाईने पान शोधलं आणि दाबलं.

“धाकटी,” माझा आवाज म्हणाला.

“बाबा, तुम्ही नका ना म्हणू मला तसं,” ती म्हणाली. “मला आईशी बोलू द्या. आई, मला एकच विचारायचंय. सात वर्षं विचारायचंय. त्या दिवशी बाबा दारात म्हणाले, आईचंही हेच म्हणणं आहे. तू आत होतीस. तू खरंच तसं म्हणाली होतीस?”

बायको पानं उलटत होती. ‘नाही’ चौथ्या पानावर होतं. काडी एकदा घसरली, ‘पंखा’ उघडणार होता. मग तिला ते सापडलं. तिने सगळा जोर लावून दाबलं.

“नाही,” माझा आवाज म्हणाला. कोरडा, तुटक, स्टोअरच्या खिडकीतून माल नाकारताना असायचा तसा.

“तुम्हाला नाही विचारलं मी.”

“नाही.”

“बाबा, प्लीज, गप्प बसा ना जरा! आईला विचारतेय मी!”

“नाही. नाही.”

“अगं, मी गप्पच आहे,” मी फोनवर वाकून म्हणालो. “मी बोलत नाहीये. हे यंत्र आहे, ती दाबतेय, शब्द तिचा आहे, आवाज फक्त माझा भरलेला आहे. ती नाही म्हणतेय. ती तसं म्हणाली नव्हती. मी तिला विचारलंच नव्हतं, अगं, मी खोटं बोललो होतो.”

हे सात वर्षांत मी पहिल्यांदा बोललो. पण बोलताना माझ्या बोलण्यावरच डायरीचं “नाही, नाही, नाही” चालू होतं, कारण बायको थांबत नव्हती. पलीकडे काय ऐकू गेलं असेल ते मला आता कळतं. एकच माणूस एकाच वेळी कबुली देत होता आणि तीच नाकारत होता.

ती अगदी हळू म्हणाली, “आईचं म्हणणं तुमच्याच तोंडून. तेव्हाही असंच होतं, बाबा.” आणि फोन ठेवला.

मी पुन्हा लावला. उचलला नाही. पुन्हा लावला, तर बंद. मुलाला लावला, सगळं सांगितलं. तो म्हणाला, “मी बोलतो तिच्याशी.” तासाभराने त्याचा फोन आला. “बाबा, ती ऐकायला तयार नाही. ती म्हणते, दादा, तू तरी ते यंत्र पाहिलंयस का? आणि मी खरंच पाहिलेलं नाही. काय सांगणार मी तिला?” मी शेजारच्या वहिनींना बोलवायला उठलो, आणि दारापाशी जाऊन परत आलो. वहिनींच्या आवाजातलं ‘नाही’ तरी धाकटीने कुणाचं म्हणून ऐकायचं? बायकोचा स्वतःचा आवाज कशातच भरलेला नाही. लग्नाला अडतीस वर्षं झाली, आणि तो कुठे ठेवून घ्यावा असं मला एकदाही वाटलं नाही.

खोलीत आलो तर ती तशीच बसलेली होती. डायरी मांडीवर, काडी बोटांत, नजर पांघरुणावरच्या फोनकडे. मी तिच्यासमोर बसलो. म्हणालो, “चुकलो मी. ऐकतेस ना? पुन्हा लावू का तिला?”

“नाही,” डायरी म्हणाली.

हे मला उत्तर होतं, की ती अजून धाकटीलाच सांगत होती, ते मला कळेना. मी पुन्हा विचारलं. तिने पुन्हा तेच दाबलं. मग मी विचारायचं थांबलो, तरी ती दाबत राहिली, आणि मी तिच्या समोर बसून माझाच आवाज ऐकत राहिलो.